तराईचा चौथा दिवस

'दुपारी बारा ते चार या वेळेत नागरिकांनी उन्हात जाऊ नये' हे वाक्य रुपेश तिसऱ्यांदा टाइप करत होता, तेवढ्यात शेजारच्या पंचफुलाबाईंचा फोन आला की त्याचे बाबा स्लॅबवर झोपले आहेत. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. पहिल्यांदा त्यानं 'जनतेने' असं लिहिलं होतं, साहेबांनी 'नागरिकांनी' करायला लावलं. मग साहेबांना वाटलं 'शक्यतो' हा शब्द असावा, म्हणून तो घातला. मग वाटलं 'शक्यतो'मुळे लोकांना सूट मिळते, म्हणून काढला. उष्माघात प्रतिबंधाची बैठक होती. अकरा जण अपेक्षित होते, सात आले होते. उरलेल्या चौघांनी ऊन फार आहे म्हणून कळवलं होतं, आणि हे कारण इतिवृत्तात घ्यावं की नाही यावर दहा मिनिटं चर्चा झाली होती.

"झोपले म्हंजे?" रुपेशनं खालमानेनं, टेबलाखाली शिरल्यासारखं होऊन विचारलं.

"झोपले म्हंजे आडवे," पंचफुलाबाई म्हणाल्या. "उताने नाई, पालथे. म्या गच्चीवर वाळवन पाहाले गेली तं दिसले."

"चक्कर आली का त्याईले?"

"चक्कर नाई, भाऊ. म्या आवाज देल्ला तं हात हालवला. म्हने, जाय बाई, काम चालू आहे."

फोन ठेवल्यावर रुपेशच्या मनात दोन गोष्टी आल्या, आणि त्यातली कुठली आधी आली हे त्याला स्पष्ट कळलं, हेच वाईट झालं. आधी आलं की बाबांनी पोतं उचलून पाहिलं असणार. मग आलं की बाबा मरतील. मधे फार अंतर नव्हतं, डोळ्याची पापणी लवावी एवढंच असेल, पण रांग लागली होती आणि रांगेत बाप दुसरा उभा होता. गेल्या मे महिन्यात टिनाच्या खोलीत बसल्या बसल्या बाबांना ऊन लागलं होतं. सहा दिवस दवाखान्यात काढले. सुटी देताना डॉक्टरांनी रुपेशकडे बघत सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर मी जबाबदारी घेणार नाही. जणू त्या वेळी त्यांनी घेतली होती. तेव्हाच रुपेशनं ठरवलं की पुढचा उन्हाळा बाबांना टिनाखाली काढू द्यायचा नाही, टिनाच्या खोलीपुढं दोन पक्क्या खोल्या बांधायच्या. पाया खणायला दिवाळी उजाडली, भिंती उठायला होळी. सेंट्रिंगच्या फळ्या मिळाल्या त्या मे महिन्यात. म्हणजे बापाला उन्हापासून वाचवण्यासाठी त्यानं सेहेचाळीस डिग्रीत स्लॅब टाकला होता, आणि आता त्या स्लॅबला उन्हापासून वाचवण्यासाठी बाप त्यावर पालथा पडला होता. हे सगळं त्यानं एकदा मनात सरळ मांडून पाहिलं. कुठंही चूक सापडली नाही. प्रत्येक पायरी बरोबर होती.

साहेबांजवळ जाऊन तो म्हणाला, बाबांना बहुतेक ऊन लागलंय, जावं लागेल. साहेबांनी इतिवृत्ताचं विचारलं. उद्या देतो म्हणाला. "जा जा," साहेब म्हणाले, "पण उन्हातून जाऊ नका."

गाडीची सीट अशी तापली होती की बसताना माणसाला आपल्याला मांड्या आहेत याची वेगळी जाणीव व्हावी. दुपट्टा तोंडाभोवती गुंडाळून तो घराकडं, पिपरी मेघेला निघाला. रस्त्यावर कुणी नव्हतं. सगळं वर्धा दार लावून कूलरपुढं पडलं होतं, आणि त्या शेकडो कूलरांची घरघर रस्त्यावर एकत्र ऐकू येत होती. ती ऐकली की गेल्या चार दिवसांपासून रुपेश गाडीचा वेग वाढवायचा. कूलरचा विषय निघाला की तो आता मान फिरवत होता. उन्हाळ्यात वर्ध्यात राहून कूलरचा विषय टाळणं हे, कामं सगळी सोडली तरच जमण्यासारखं आहे.

रुपेशचे बाबा, रामाजी मिस्त्री, म्हटलं की लोकांना त्यांचा चेहरा आठवायचा नाही, पाय आठवायचे. सिमेंटनं खाल्लेल्या टाचा, त्यात बोटभर भेगा, आणि संध्याकाळी त्या भेगांत मेण वितळवून भरत बसलेला माणूस. ते मूळचे रोहण्याचे. वर्ध्याला आले आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यावर छत घालत राहिले. इतर पोरं गाव स्टेशनावरून ओळखतात, रुपेश छतांवरून ओळखायचा. हा बाबांचा, तो बाबांचा, पलीकडचा नाही, तो गळतो. सिंदी रेल्वेला एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामाचा स्लॅब होता, तोही असाच भर वैशाखात. व्यापाऱ्याचा कुणावर विश्वास नव्हता आणि बाबांचा तर त्या व्यापाऱ्यावरही नव्हता, म्हणून तराईला, म्हणजे सिमेंट पक्कं होईस्तोवर त्याला सारखं ओलं ठेवायला, बाबा एकवीस दिवस तिथंच राहिले. परत आले तेव्हा काळेठिक्कर झाले होते. सिंदी कशी आहे म्हणून आठ वर्षांच्या रुपेशनं विचारलं. "पाह्यली नाई," बाबा म्हणाले. "वरच होतो."

ते एकवीस दिवस इकडं टिनाच्या खोलीत आई सुलोचना दुपारी शिडी लावून टिनावर ओली पोती पसरायची. खाली रुपेश पाढे म्हणत बसायचा. पोती अर्ध्या तासात वाळायची, तिच्या पायांचा टिनावरून जाणारा कडकड आवाज पुन्हा यायचा, आणि मग वरून एक ओला, तागाचा, जुन्या धान्याचा वास खाली उतरायचा. तो वास रुपेशच्या डोक्यात सतराच्या पाढ्याला कायमचा चिकटला होता. बाबांनी आल्यावर टिनावरची पोती पाहिली आणि ते हसले. टिनाची तराई करून काय उपेग, म्हणाले, टिन काही पकडत नाई. आई ताटात भाकर टाकत म्हणाली, "टिनाची नाई, पोराची करून राह्यली." तीन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. टिनाखालीच. तेव्हा थंडी होती, त्यामुळं टिनाला दोष देता आला नाही, आणि ही गोष्ट घरात सगळ्यांनाच अवघड गेली.

या रविवारी पहाटे पाचला नव्या खोल्यांच्या स्लॅबचं काम सुरू व्हायचं होतं. ठेकेदार ओमप्रकाशचा मिक्सर साडेनऊला आला. का उशीर झाला हे त्यानं सांगितलं, पण इतक्या सविस्तर सांगितलं की दहा वाजले. बाबा खाली नव्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते; रुपेशनं त्यांना जिन्याची पायरीसुद्धा चढायची नाही अशी शपथ घातली होती. त्यांनी ती पाळली. खालूनच ते सांगत होते, रेती गरम आहे, पानी मारा. फळ्या तापल्या, पानी मारा. त्या ओम्याच्या डोक्यावर पन मारा. दोन वाजता शेवटचं घमेलं पडलं, माणसं जेवायला गेली, आणि रुपेश एकटा स्लॅबपुढं उभा राहिला. वर ओला, चमकता काळसर थर होता. तो बघता बघता निस्तेज व्हायला लागला. कडेनं, मग मधे. कुणाच्या तरी चेहऱ्यावरचा रंग आपल्यासमोर उडावा तसं ते दिसत होतं, आणि रुपेशला गेल्या वर्षीचे बाबा आठवले. खाटेवर, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले. तेव्हा काय केलं होतं? तेव्हा पहिल्यांदा कूलर त्यांच्याकडं वळवला होता.

पुढं जे झालं ते करताना त्याला अतिशय शहाणपणाचं वाटलं होतं, हे त्याला अजून आठवत होतं आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता. घरातला एकुलता एक कूलर, टिनाच्या खोलीतला, त्यानं आणि सरितानं मिळून जिन्याच्या वरच्या टप्प्यावर चढवला. सरितानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो हातांनी उचलला, चेहऱ्यानं उचलला नाही. "स्लॅबले कूलर?" एवढंच ती म्हणाली. ऊन लागून राह्यलं त्याले, रुपेश म्हणाला. दोन बादल्या पाणी टाकलं, वायर ओढली, पंखा तीनवर ठेवला. कूलर तीन तास ताज्या स्लॅबवर गार वारा घालत होता. खाली टिनाच्या खोलीत बाबा वर्तमानपत्रानं वारा घेत पडले होते. घरातला सगळ्यात थंड प्राणी त्या दिवशी स्लॅब होता.

सहा वाजता बरोबर कूलरच्या तोंडासमोर, सात-आठ फुटांच्या पट्ट्यात, भेगा दिसल्या. केसाएवढ्या. आधी एक, मग तिला फाटे, मग एक लांब, माणसाच्या उंचीएवढी. बाकी सगळा स्लॅब ठीक होता. ज्या भागावर त्यानं माया केली होती तेवढाच फाटला होता. त्यानं त्या पट्ट्यावर ओली पोती टाकली. बाकी स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून क्याऱ्या केल्या होत्या, त्यात बोटभर पाणी उभं राहायचं. तिथं मात्र उतार आहे, पाणी थांबत नाही, म्हणून पोती, असं त्यानं बाबांना सांगितलं. बाबा हो म्हणाले. ते ज्या पद्धतीनं हो म्हणाले ते रुपेशला आवडलं नव्हतं. सोमवारी त्यानं ओमप्रकाशला फोन लावून विचारलं की आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्यानं ताज्या स्लॅबसमोर कूलर लावला, तर काय होईल. पलीकडं आधी चालू मिक्सर बंद झाला. मग ओमप्रकाश म्हणाला, "भाऊ, ऊन एकवेळ परवडते, वारा नाई परवडत. ओल्या मालाले वारा लागला का वरचं पानी उडून जाते अन् फाटते ते. कोन आहे हा मानूस?" रुपेशनं सांगितलं, तुम्ही ओळखत नाही. "ओळख करून द्या एकदा," ओमप्रकाश म्हणाला. "पाहाचा आहे मले."

घर आलं. पंचफुलाबाई त्यांच्या दारात डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या, आणि काही न बोलता त्यांनी बोट वर केलं. जणू वर कुठं हे त्याला माहीत नव्हतं. सरिता सकाळीच सिंदीला बहिणीकडं बारशाला गेली होती. निघताना दोघांनी मिळून क्याऱ्या काठोकाठ भरल्या होत्या, पोती भिजवली होती, आणि तेवढं पाणी चारपर्यंत पुरेल असा अंदाज केला होता. अंदाज करणारा माणूस कोण होता ते आता सांगायला नको. अंगणात पाइप पडला होता, त्यातून पाणी येत नव्हतं. लाइन गेलेली, म्हणून बोअरची मोटर बंद. प्यायचा माठ अर्धा. कूलरची टाकी त्यानं वाकून पाहिली. कोरडी, तळाशी बादलीनं खरवडल्याच्या खुणा. एवढं सगळं बघायला त्याला पाव मिनिट लागलं आणि तेही त्याला स्वतःचं मुद्दाम वाटलं. वर जायचं पुढं ढकलत होता तो.

बाबा खरंच पालथे होते. बनियन, धोतर वर खोचलेलं, डोक्यावर ओला दुपट्टा, दोन्ही हात पसरलेले. बरोबर त्याच पट्ट्यावर. आजूबाजूच्या क्याऱ्यांत पाणी उरलेलं होतं, त्यावर उन्हाचे तुकडे हलत होते. पोत्यांच्या कडा मात्र वाळून पांढऱ्या पडल्या होत्या. रुपेशला एकदम थकवा आला. हा आजचा नव्हता. वीस वर्षं कुणाच्या तरी अंदाजांवर सह्या घेत फिरण्याचा, साध्या गोष्टी तिसऱ्यांदा टाइप करण्याचा, कुठल्याही कामात हात घातला की आधी त्याचं इतिवृत्त सुचण्याचा होता तो. मिस्त्रीचा पोरगा असून त्याला थापी धरता येत नव्हती. बाबांनी कधी शिकवलं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही, आणि दोघांनाही वाटत आलं की आपण दुसऱ्यावर उपकार केले.

"बाबा, उतरा."

"आला का तू?" बाबांनी मान वळवली नाही. आवाज पोत्यातून आल्यासारखा होता. "लाइन गेली अकराले."

"उतरा म्हटलं. मरान तुम्ही."

"मी उतरलो तं हे वाळन. पोते सुकून गेलते. कूलरमधलं पानी होतं ते टाकलं, माठातलं अर्धं टाकलं. बाकी तुह्यासाठी ठेवलं, ऑफिसातून येशीन म्हनून. आता काही नाई तं निदान सावली तरी."

रुपेशनं इकडं तिकडं पाहिलं. साडेपाच फुटाच्या माणसाची, भर बाराची, सावली ती किती. सगळी अंगाखाली गेलेली. "एवढ्याशा सावलीनं काय होते?"

"होते तेवढं होते."

बाबांच्या पाठीवर घाम नव्हता. ते त्याला आत्ता दिसलं. गेल्या वर्षी डॉक्टरांनी हेच विचारलं होतं, घाम येत होता का, आणि रुपेशला आठवलं नव्हतं. तो उकिडवा बसला. स्लॅबची धग बुटांच्या तळव्यातून वर चढत होती. त्यानं क्यारीतलं पाणी ओंजळीनं घेतलं. तेही चहाएवढं कोमट होतं. ते बाबांच्या मानेवर टाकलं.

"क्यारीतलं नको घेऊ," बाबा म्हणाले.

"बाबा, तिथं भेग आहे." हे वाक्य त्यानं चार दिवसांत मनातल्या मनात निदान चाळीस प्रकारे तयार केलं होतं, त्यात ओमप्रकाश होता, उशिरा आलेला मिक्सर होता, रेती होती, कंपनीचं सिमेंट होतं. तोंडातून निघालं तेव्हा त्यात यांतलं कुणी आलं नाही. "म्या कूलर लावलता. स्लॅबले. तीन घंटे."

बाबांनी पोत्याची कड बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "तीनवर?"

"तीनवर."

"हाव. आवाज तीनचाच होता."

"तुमाले मालूम होतं?"

"मी खाली पडलो होतो ना बे टिनात. कूलर उचलून नेला तेव्हा वाटलं, दुरुस्तीले नेला. मंग कूलरचा आवाज वरून याले लागला. सत्तर वर्साचा झालो, कूलरचा आवाज वरून पयल्यांदाच आला." त्यांचं अंग हललं, हसले की खोकले ते पालथ्या माणसाचं कळत नाही. "चाळीस वर्स लोकाइचे स्लॅब टाकले. लोकाइनं स्लॅबवर नारळ फोडले, बकरा कापाच्या गोष्टी केल्या. पन कोनी त्याले कूलर नाई लावला."

"तं मंग तवाच काऊन नाई बोलले? बंद केला असता म्या."

"बोलनारच होतो. उठलोही. पायरीपर्यंत आलो." बाबा थांबले. "तू त्याच्यापाशी बसून होता. हात पुढं करून पाहून राह्यलता, वारा लागते का नाई त्याले. मीच गेल्या साली खाटेवर होतो तवा तू असाच पाहे. मंग काय बोलाव. गेलो परत."

 रुपेशनं नजर क्यारीतल्या पाण्याकडं वळवली; तिथं एक मुंगी बांधावरून चालली होती, तिला कुणी बारा ते चारचं सांगितलं नव्हतं.

"भेगेचं एवढं काही नाई," बाबा कामाच्या आवाजात म्हणाले. "वरची वर आहे. म्या काल सिमेंटचा घोळ करून भरला तिच्यात, तू ऑफिसात गेलता तवा. थोडा भरला, थोडा टाचेत भरला." यावेळी ते नक्की हसले. "पन आता हे सुकू देलं तं खालपर्यंत जाईन. आज, उद्या, परवा. तीन दिवस सांभाळलं का मंग मरत नाई ते."

म्हणजे कालही चढले होते. शपथ, डॉक्टर, सगळं ऐकून घेऊन, तो गेल्यावर घोळ कालवून चढले होते. आणि संध्याकाळी त्यानं पोतं उचलून पाहिलं नव्हतं, कारण गेले चार दिवस तो पोती डोळे दुसरीकडं ठेवूनच भिजवत होता. दोघं जण एकच भेग एकमेकांपासून लपवत होते. रुपेशला वाटलं, आता ओरडावं. पण ओरडायला लागणारं पाणीसुद्धा अंगात नव्हतं. त्यानं साधं तेवढं विचारलं.

"काय केलं तं उतरान तुम्ही?"

"कोनी तरी इथं पायजे."

"मी झोपतो."

बाबांनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. डोळे लाल होते. इस्त्रीच्या शर्टापासून बुटांपर्यंत त्यांनी त्याला असं पाहिलं, जसं ते कामावर आलेल्या नव्या बेलदाराला, मजुराला पाहायचे. घ्यावा की नाही.

"शर्ट खराब होईन."

"होऊ द्या."

"बूट काढ. उठाचं नाई मधात. फोन आला म्हनून उठाचं नाई."

"नाई उठत."

बाबा उठायला लागले. कोपरं टेकली, मग गुडघा, मग पुन्हा थांबले. रुपेशनं काखेत हात घातला तेव्हा अंग एवढं तापलेलं लागलं की त्यानं हात घट्ट केला, आणि माणूस हातात किती कमी उरलाय हे त्याच वेळी कळलं. जिन्यावरून एकेक पायरी उतरवलं. खाली आल्यावर माठातलं पाणी प्यायला लावलं, दोन तांबे, साखरमीठ घालून. डोक्यावर, मानेवर ओला दुपट्टा ठेवला. पंचफुलाबाई न बोलावता आल्या आणि पायाशी बसून ओल्या फडक्यानं तळवे पुसू लागल्या. "टिनात नको नेऊ," त्या म्हणाल्या, "इथंच टाका," आणि त्यांनी नव्या खोलीत, स्लॅबला खालून दिलेल्या बल्ल्यांच्या मधे जागा बघून चटई टाकली. तिथं गार होतं. ओल्या सिमेंटचा, फळ्यांचा वास होता. थोड्या वेळानं बाबांच्या कपाळावर बारीक घाम आला. रुपेशनं तो बोटानं पुसून पाहिला, पुन्हा येतो का म्हणून. आला.

"गेला नाई तू अजून?" बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

"चाललो."

"हात-पाय पसरून झोपजो. लंबी आहे ते भेग."

तो वर गेला. बूट काढले, क्यारीत रुमाल बुडवून डोक्यावर ठेवला आणि पोत्यांवर पालथा पडला. पहिली काही मिनिटं छाती भाजली, मग भाजणंही सवयीचं झालं. पोत्यांखालून एक वेगळी ऊब येत होती, उन्हाची नव्हे, आतली. सिमेंट धरताना त्याला ताप असतो असं बाबा म्हणायचे ते त्याला आज पोटाला कळलं. खिशात फोन दोनदा थरथरला. रस्त्यावरून कुणी तरी गेलं, थांबलं, पुन्हा गेलं. उद्या ऑफिसात काय सांगायचं याचा मसुदा डोक्यात आपोआप जुळायला लागला, आणि पहिल्या ओळीनंतर आपोआपच सुटला. मग जिन्याच्या पोकळीतून एक आवाज वर आला. त्यानं श्वास धरून ऐकलं. घोरणं होतं, संथ, जाड, भरल्या पोटाचं असावं तसं. चाळीस वर्षं दुपारी कुणाच्या ना कुणाच्या छतावर उभा राहिलेला माणूस छताखाली झोपला होता.

रुपेश हलला नाही. ऊन जरा कलल्यावर त्याची सावली डाव्या बाजूला भेगेवरून निसटायला लागली, तेव्हा तोही पोटावर तेवढाच, बोटभर, उजवीकडं सरकला.